जात्यावरील ओवी आणि तिचा श्रोता

भीमा नदी भीमाशंकराच्या डोंगरांत उगम पावते आणि पंढरपुराशीं पोंचते तेव्हां तिचें नांव चंद्रभागा होतें. या दोन टोकांच्या मध्यें, जुन्नर-आंबेगांवच्या डोंगरपट्टीपासून सोलापूरच्या सपाटीपर्यंत, शेंकडों वर्षें एक संगीत चालत आलें. त्याला रंगमंच नव्हता, साजिंदे नव्हते; साथीला एक दगडी जातें तेवढें असे, आणि गाणारी स्त्री स्वतःच गीत रचणारीहि असे. पहांटेच्या अंधारांत, दिवसाच्या भाकरीपुरतें पीठ निघेपर्यंत, ती गाई. भीमेचें खोरेंच कशाला, साऱ्या महाराष्ट्रांत ही रीत होती. या गाण्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तें ऐकणारीविषयीं मात्र फारसें कोणी बोलत नाहीं. वास्तविक ओवीचें निम्में मर्म गाणारीच्या गळ्यांत असेल, तर निम्में ऐकणारीच्या कानांत आहे.

शहरांतील घरीं भावगीत कसें ऐकलें जातें, हें सर्वांच्या परिचयाचें आहे. एखादी तरुण गायिका आपल्या विरहाचीं आठदहा गीतें स्वतः रचते, स्वतः गाते, आणि त्यांचा संच लोकांपुढें येतो. तो ऐकून दूरच्या गांवची एखादी मुलगी म्हणते, 'ही तर माझीच कथा!' याहून मोठी दाद त्या गायिकेला नको असते. पण दाद देऊन श्रोता जागच्या जागींच राहतो, आणि गीत गायिकेचें तें गायिकेचेंच. ओवीची तऱ्हा निराळी. 'ही माझीच कथा' असें जिला वाटे, ती तसें म्हणून थांबत नसे. पुढली ओवी ती म्हणे. तिची दाद ती हीच.

याचें मूळ जात्याच्या कामांतच आहे. भीमाशंकराच्या कुशींतील वाड्यांत महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी. खाचरांत भात, उतारावर नाचणी आणि वरई, हें तेथील पीक. भात भरडावयाचें तें घिरटावर, नाचणी दळावयाची ती जात्यावर. भाकरी रोजची, म्हणून दळणहि बहुधा रोजचें. एकटीला जातें ओढतां येतें, पण बराच वेळ ओढणें जड जातें. म्हणून सासू-सून, जावा-जावा किंवा दोघी शेजारणी समोरासमोर बसत. एका खुंट्यावर दोघींचे हात. एकीनें ओढावयाचें, दुसरीनें लोटावयाचें, आणि मोकळ्या हातानें मुठीमुठीनें दाणे वैरावयाचे. गाण्याची वांटणीहि अशीच होई. एकीनें पहिली ओळ उचलावी, दुसरीनें ती झेलून पुरी करावी, किंवा पुरी झालेली ओवी पुन्हां म्हणावी. तोंवर पहिलीला पुढची सुचावी. जात्याच्या तोंडांतील दाणे संपले कीं दगडाचा आवाज बदलतो, कोरडा होतो. हात सुपाकडे जातो आणि गळा क्षणभर थांबतो. दोन ओळींत पुरी होणारी रचना अशा कामाला सोयीची, लांब कविता नव्हे. चालीहि थोड्या, आणि चारपांच स्वरांत फिरणाऱ्या. श्वास ओढण्यालोटण्यांत खर्च होत असतां ताना येणार कोठून? 'सये', 'बाई', 'ग' हे भरीचे शब्द छापील पानावर अडगळीसारखे वाटतात. गातांना त्यांच्यावरच जात्याचा फेरा पुरा होतो.

अर्थात् येथें श्रोता म्हणून वेगळा कोणी बसलेला नसे. ऐकणारीचा हातहि त्याच खुंट्यावर. तिला मन दुसरीकडे नेतां येत नसे, कारण लय चुकली तर जातें अडे.

हा रिवाज किती जुना? चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ११२९ सालच्या ग्रंथांत, महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात, असा उल्लेख आहे. उल्लेख कांडणाचा आहे, दळणाचा नाहीं, हें तो पुढें करणारे पुष्कळदां विसरतात. पण मुसळ काय किंवा खुंटा काय, हाताच्या कामावर गळा बसविणें तेंच. ज्ञानेश्वरीचा छंदहि ओवीच. मात्र ग्रंथांतील ओवी साडेतीन चरणांची, आणि जात्यावरील ओवी बहुधा दोन यमकबद्ध ओळींची. नांव एक, नातें जवळचें, पण अंगकाठी वेगळी.

सुशिक्षित वाचक ओव्यांचा छापील संग्रह हातीं घेतो तेव्हां पहिल्या वीस-पंचवीस पानांतच त्याचा हिरमोड होण्याचा संभव असतो. तोच बंधु, तेंच माहेर, तीच अंगणांतील तुळस, तोच पंढरीचा विठ्ठल. लेकीला मैना म्हणावयाचें आणि लेकाला राघू. यांत स्वतःचें असें काय, हा प्रश्न त्याला पडतो. कारण कवीनें नवा शब्द आणावा, स्वतःचें दुःख दुसऱ्या कोणासारखें नाहीं असें दाखवावें, ही सवय त्याला ग्रंथांनीं लावलेली असते. ओवीचें धोरण याच्या उलट आहे. लेक सासरीं गेल्यापासून जिचें घर सुनें झालें आहे, ती लेकीचें नांव न घेतां मैनेविषयीं गाते. त्यामुळें समोरच्या स्त्रीची लेक त्या शब्दांत मावते, आणि जिला लेकच नाहीं तिला आपली आई तिच्याविषयीं काय गात असेल, तें ऐकूं येतें. ठराविक शब्दांत जागा मोकळी ठेविलेली असते. नवें जें असतें तें त्या शब्दांच्या मांडणींत: कोणती ओवी कोणत्या ओवीमागून आली, बंधूच्या थोरवीच्या चार ओव्या झाल्यावर पांचवींत तो दिवाळीला आलाच नाहीं हें कसें निघालें, यांत. संग्रहकार ओव्यांची विषयवार विभागणी करून छापतो तेव्हां नेमकें हेंच हरवतें. त्याला दोष देण्याचें कारण नाहीं. पुस्तकाला दुसरी सोय नसते.

समोरच्या जोडीदारणीखेरीज आणखीहि कान असत. पोर पाळण्यांत असे. सासू अंथरुणावर जागी असे. भिंतीपलीकडे शेजारीण असे. तोंडावर जें बोलतां येत नसे तें जात्यावर गातां येई. नवऱ्याची बेपर्वाई, सासरचा जाच, माहेरचें विसरणें, हें सारें त्या ओव्यांत येतें. आणि तें दोघां-चौघांच्या कानीं पडतें, हें गाणारीस ठाऊक असे. गाण्याला भांडणानें उत्तर द्यावयाचें नसतें, एवढें संरक्षण तिला होतें. शिवाय, ज्या सासूविषयीं सून गाई त्या सासूनेंहि एके काळीं त्याच खुंट्याला धरून तेंच गायिलेलें असे. यावरून जातें म्हणजे स्त्रीच्या स्वातंत्र्याचें सिंहासन होतें, असा अर्थ काढणें मात्र भाबडेपणाचें होईल. तें खांदे भरून आणणारें काम होतें. संधि मिळतांच बायकांनीं तें टाकून दिलें, आणि योग्यच केलें.

ऐकणें म्हणजे काय, याविषयीं ओव्यांचें स्वतःचें असें एक चित्र आहे. रामायण म्हटलें कीं ग्रंथकाराला राज्याभिषेक आठवतो. जात्यावरील स्त्रीला सीतेचा वनवास आठवतो, आणि तोहि बहुधा दुसरा, गर्भवती असतांना एकटीला भोगावा लागलेला. वनांत कोणी रडत आहे. तें रडणें ऐकून बोरी आणि बाभळी बायका होतात आणि सीतेची समजूत घालतात, अशी ही कल्पना आहे. चंदन नाहीं, अशोक नाहीं. माळावरचीं काटेरी झाडें. ज्यांच्या सावलीला कोणी मुद्दाम बसत नाहीं, तींच ऐकूं लागतात. परभणी जिल्ह्यांतील ताडकळस येथील गंगूबाई अंबोरे यांच्या आवाजांत ही ओवी ध्वनिमुद्रित झालेली आहे. त्या गायनाचा लौकिक पुढें दूरवर पसरला, तो केवळ गळ्याच्या गोडीमुळें नव्हे. आपलें दुःख त्या सीतेचें म्हणून गातात, त्यामुळें दयेची याचना कोठेंच येत नाहीं, आणि ऐकणाराला कींव करण्याची सोय उरत नाहीं. त्याला बोर किंवा बाभूळ तरी व्हावें लागतें.

गंगूबाईंचें नांव राहिलें, ही गोष्ट साधी नाहीं. ओवी गाणाऱ्या बहुतेक स्त्रियांचीं नांवें गेलीं. साने गुरुजींनीं 'स्त्रीजीवन' या संग्रहांत ओव्यांचें मोठें धन सांठविलें, कमलाबाई देशपांडे यांनीं स्त्रीगीतांवरील आपल्या पुस्तकास 'अपौरुषेय वाङ्मय' असें मार्मिक नांव दिलें, डॉ. सरोजिनी बाबर यांनीं तर या कामीं आयुष्य वेंचलें. या उद्योगांत ओव्या वांचल्या, रचणारी मात्र 'लोक' या शब्दाआड गेली. खानदेशांतील बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्या घरकाम आणि शेतकाम करतां करतां रचीत व गात. त्यांचें नांव राहिलें, कारण घरांतच लिहून घेणारे होते. पुत्र सोपानदेव यांनीं तीं गाणीं आचार्य अत्रे यांना दाखविलीं आणि १९५२ सालीं तीं पुस्तकरूपानें निघालीं. बहिणाबाई आदल्याच वर्षीं वारल्या होत्या. ज्यांच्या घरीं सोपानदेव नव्हते अशा बहिणाबाई गांवोगांव किती होऊन गेल्या असतील, याचा हिशेब कोणी मांडावा?

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनीं या हिशेबाला हात घातला. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक हजाराहून अधिक गांवांतून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या, आणि ओवीबरोबर गाणारीचें नांव व गांव टिपून ठेविलें. बर्नार्ड बेल या फ्रेंच संगीताभ्यासकाच्या साह्यानें कित्येक ओव्या ध्वनिफितींवर आल्या. पॉइट्व्हाँ २००४ सालीं वारले, हेमाताई २०१० सालीं. पुढें २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेनें हें भांडार आपल्या संकेतस्थळावर क्रमाक्रमानें खुलें केलें. आतां ताडकळसची ओवी दादरच्या किंवा डेक्कन जिमखान्याच्या दिवाणखान्यांत केव्हांहि ऐकतां येते.

पण जातें तेथें नाहीं. पिठाची गिरणी गांवोगांव झाली आणि पहांटेचें दळण संपलें; लग्नांत हळद दळण्यापुरतीं जातीं कांहीं घरीं निघतात, एरव्हीं त्यांचे दगड बंगल्यांच्या बागेंत शोभेला मांडलेले दिसतात. आवाज आपल्या ठिकाणाहून असा हलला कीं त्याचें काय होतें? भीमाशंकराच्या देवळाशीं एक मोठी घंटा आहे. १७३९ सालीं वसई जिंकल्यावर चिमाजीअप्पांनीं ती पोर्तुगीजांकडून आणून देवाला वाहिली, अशी प्रसिद्धि आहे. ख्रिस्ती देवळासाठीं ओतलेली घंटा महादेवापुढें वाजूं लागली. नाद तोच, पण तो ऐकून कोणीं काय करावयाचें, तें बदललें. फितीवरील ओवीचेंहि तसेंच आहे. पूर्वीं ती ऐकून हात चालत, आतां ती ऐकतांना हात स्वस्थ असतात.

म्हणून फितीवरील ओवी मैफलीच्या कानानें ऐकूं नये. स्वरांची चढउतार शोधणारा लवकर कंटाळेल. शब्द समोर ठेवून, एकाच गायिकेच्या पंधरावीस ओव्या ओळीनें ऐकाव्या. एक ओवी दुसरीकडे कशी वळते, याकडे लक्ष द्यावें. घरांत कोणी वृद्ध स्त्री असेल आणि तिनें लहानपणीं जातें ओढलेलें असेल, तर तिच्यासमवेत ऐकणें सर्वांत उत्तम. ओवी संपल्यावर दुसरी सुरू होण्यापूर्वीं थोडी जागा सुटलेली असते. एकटीच गाणारी असली कीं ती जागा रिकामीच राहते, आणि नवख्या श्रोत्याला गायिका दम घेते आहे असें वाटतें. दम ती घेतेच. पण जात्यावर त्या जागीं समोरचीची पाळी असे.