वहीचे बिऱ्हाड

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी भिवंडीतल्या एखाद्या पेढीवर डोकावून पाहा. पाटावर लाल वहीच्या शेजारी संगणकालाही हळदकुंकू वाहिलेले दिसेल. हसू नका! पेढीची खरी वही आता तोच आहे.

पण ही वही जुनी झाली म्हणून फडताळात टाकून नवी उघडता येत नाही. बिऱ्हाड हलवावे तशी ती सबंध हलवावी लागते. काल्हेर, पूर्णा, माणकोलीच्या बाजूला जी अफाट गोदामे उभी आहेत, त्यांत माल ठेवणाऱ्या मोठ्या कंपन्यांची खरेदी, विक्री, साठा, उधारी हे सारे एकाच संगणकी वहीत असते. तिचे नाव ई. आर. पी. ‘सॅप’ या जर्मन कंपनीची वही पुष्कळांकडे आहे. तिची नवी आवृत्ती ‘एस फोर हाना’ २०१५ साली आली आणि जुनीची नेहमीची देखभाल २०२७ अखेर थांबायची आहे. म्हणून ही हलवाहलव.

घर बदलताना गृहिणीला हिंगाचे तीन अर्धे डबे सापडतात ना, तसेच इथेही होते. एकच सूत तीन नावांनी तीन ठिकाणी नोंदलेले निघते. आपल्याला सूत विकणारा आणि आपलेच कापड घेणारा व्यापारी जुन्या वहीत दोन खात्यांवर असे. नवीत तो एकच असामी. आधी ही साफसफाई, मग दोनतीन रंगीत तालमी. शेवटी एका शुक्रवारी संध्याकाळी गाड्या थांबवायच्या, माल मोजायचा आणि शिल्लक नव्या वहीत ओढायची. सोमवारी सकाळी फाटकाशी गाड्या हजर असतात, त्यामुळे वेळ तेवढाच.

माझ्या माहितीतल्या एका गोदामात शनिवारी रात्री शिल्लक जुळेना. जुनी वही म्हणे ६१२ गाठी, नवी म्हणे ५८८. चोवीस गाठी गेल्या कुठे? मुंबईहून आलेली तरुण मंडळी दोन वाजेपर्यंत यंत्राशी झटत होती. स्टोअरकीपर कोपऱ्यात बसून होते. येत्या मार्चमध्ये निवृत्त होणारा हा गृहस्थ. महिनाभर चाललेल्या बैठकांना त्यांना कोणी बोलावलेच नव्हते.

“काका, तुम्हाला काही सुचतंय का?” अखेर एका मुलीने विचारले.

“परत आलेला माल कुठे धरलात?”

कुठेच धरला नव्हता. डाग पडून परत आलेल्या गाठी विक्रीच्या मालात मिसळू नयेत, म्हणून काकांनीच बारा वर्षांपूर्वी त्यांना वेगळी खूण लावून घेतली होती. ती खूण हलवायच्या यादीत नव्हती. मोजून पाहिल्या, चोवीस भरल्या.

मुलीने वही ओढली. छापील रेघांची, साधी.

“आणखी अशा किती खुणा आहेत, काका?”

“लिहून घे,” काका म्हणाले. उजाडेपर्यंत अकरा पाने झाली.