जमिनीवरचा हात उचलताना : डिफेन्सिव्ह एंडचा आउटसाइड लाइनबॅकर कसा होतो

आपल्या या मालिकेत आज आपण एका खेळाडूच्या बदलीबद्दल बोलणार आहोत. ही बदली एका संघातून दुसऱ्या संघात होत नाही. संघ तोच, गणवेश तोच, मैदानही तेच. खेळाडू फक्त दोन पावलं मागे सरकतो आणि जमिनीवर टेकलेला हात उचलून उभा राहतो. एवढ्याशा बदलानं काहींची कारकीर्द फळाला आली, तर काहींची मोडली.

खेळ आहे अमेरिकन फुटबॉल. फुटबॉल म्हटलं की आपल्याकडे मेस्सी आणि मोहन बागान आठवतात, म्हणून आधीच स्पष्ट करतो. हा तो अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा खेळ. त्याची सुपर बोल ही अंतिम लढत आपल्या घड्याळानं सोमवारी पहाटे पाचच्या सुमाराला सुरू होते. बंगळुरू, हैदराबाद, पुण्यात अमेरिकी कंपन्यांत काम करणाऱ्या मंडळींनी ऑफिसात त्याची चर्चा ऐकलेली असेल. ज्यांची भाचरं-पुतणे तिकडे शाळेत शिकतात, त्यांनी तर हा खेळ फोनवरूनही ऐकलेला असेल.

आधी मैदानाची ओळख

दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. चेंडू हातात घेऊन पळता येतं किंवा पुढे फेकता येतो. फेकणारा मुख्य माणूस म्हणजे क्वार्टरबॅक. त्याला फेकण्याआधीच चेंडूसकट खाली पाडलं, तर त्याला म्हणतात सॅक. बचाव करणाऱ्यांसाठी सॅक म्हणजे गोलंदाजाची विकेट. वर्षाला दहापेक्षा जास्त सॅक करणाऱ्याला मोठा करार मिळतो.

बचावाच्या मांडणीचे दोन जुने घाट आहेत. पहिला चार-तीनचा. पुढच्या ओळीत चार धिप्पाड खेळाडू, त्यांच्या मागे तीन लाइनबॅकर. दुसरा तीन-चारचा. पुढे तीन, मागे चार. चार-तीनमध्ये पुढच्या ओळीच्या दोन टोकांना जे उभे असतात, ते डिफेन्सिव्ह एंड. तीन-चारमध्ये चार लाइनबॅकरपैकी टोकाचे दोघे, ते आउटसाइड लाइनबॅकर. दोघेही मैदानाच्या जवळपास त्याच जागी असतात आणि दोघांचंही पहिलं काम क्वार्टरबॅकला गाठणं हेच. म्हणून वरवर पाहणाऱ्याला वाटतं, यात बदललं काय?

कबड्डीचं उदाहरण घ्या. कोपऱ्यात खेळणारा आणि कव्हरला खेळणारा, दोघेही चढाई करणाऱ्याला पकडतात. पण कोपरा रक्षक घोटा धरायला टपलेला असतो, तर कव्हरवाल्याला चढाई कुठे वळतेय हे वाचून धडक द्यायची असते. कोपऱ्यातला पट्टीचा खेळाडू कव्हरला नेला की पहिले काही दिवस त्याचे हात चुकीच्या वेळी पुढे जातात. इथेही तसंच होतं.

मुळात बदल करायचाच कशाला?

याची तीन कारणं असतात. पहिलं, संघाचा प्रशिक्षक बदलतो आणि नवा माणूस आपला घाट घेऊन येतो. दुसरं, कॉलेजात एंड म्हणून गाजलेला मुलगा व्यावसायिक खेळात त्या जागेसाठी हलका पडतो. चार-तीनचा एंड साधारण १२० ते १२७ किलोंचा असतो आणि १४० किलोंच्या खेळाडूशी प्रत्येक डावात भिडतो. ११५ किलोंच्या चपळ मुलाला तिथं ठेवलं, तर पळत येणारे संघ मुद्दाम त्याच्याच अंगावर खेळ नेतात. तिसरं कारण वय. अनुभवी एंडला दर वेळी धडक देणं झेपेनासं होतं, पण त्याची बुद्धी आणि लांब हात अजून कामाचे असतात.

संघाचा फायदा मात्र वेगळाच आहे. चार-तीनमध्ये क्वार्टरबॅकला ठाऊक असतं की पुढचे चौघे आपल्यावर येणार. तीन-चारमध्ये तिघे येणार हे नक्की, पण चौथा कोण? डावीकडचा लाइनबॅकर की उजवीकडचा? जो येणार वाटतो, तोच मागे सरकून फेकीच्या वाटेत उभा राहिला तर? ही शंका हीच या मांडणीची ताकद आहे.

२००९ च्या फेब्रुवारीतली सुपर बोल आठवा. पिट्सबर्ग स्टीलर्स विरुद्ध अ‍ॅरिझोना कार्डिनल्स. विश्रांतीआधीची शेवटची काही सेकंदं उरलेली, अ‍ॅरिझोना अगदी रेषेच्या तोंडाशी. पिट्सबर्गचा आउटसाइड लाइनबॅकर जेम्स हॅरिसन पुढे धावणार असं दिसत होतं. तो धावला नाही. तिथंच थबकला, मागे सरकला, कर्ट वॉर्नरची फेक त्याच्या हातात पडली, आणि तो १०० यार्ड पळत दुसऱ्या टोकाला पोचला. पिट्सबर्गनं सामना २७-२३ जिंकला. ही चाल जमिनीवर हात टेकून बसलेल्या एंडकडून सहसा होत नाही.

शरीराला नव्यानं काय शिकवावं लागतं

आता खऱ्या मुद्द्यावर येऊ. एंड एक हात जमिनीवर टेकून, वजन पुढे झुकवून बसतो. चेंडू हलला की स्प्रिंगसारखा सुटतो. आउटसाइड लाइनबॅकर दोन पायांवर उभा असतो. उभं राहिल्यामुळे मैदान जास्त दिसतं, हा लाभ. पण दोन सवयी आड येतात.

एक, पहिलं पाऊल. बसलेला माणूस आपसूक पुढेच जातो. उभा माणूस सुटताना आधी मागे किंवा बाजूला एक फुकटचं पाऊल टाकतो. त्या एका पावलात समोरचा टॅकल सावरतो. म्हणून सरावाची सुरुवातच इथून होते. पायांतलं अंतर कमी, पुढच्या पायावर वजन, आणि पाऊल पडेल ते पुढेच.

दोन, उंची. उभा राहिलेला खेळाडू धडकतानाही उभाच राहतो. या खेळात ज्याचे खांदे खाली, तो जिंकतो. कुस्तीच्या आखाड्यातला नियमच समजा. गुडघे वाकवून, समोरच्याच्या छातीखाली हात घालणं हे एंडला बसलेल्या स्थितीतून येत असतं. उभ्या स्थितीतून ते नव्यानं घोटावं लागतं.

मग येतं टोक राखण्याचं काम. चेंडू घेऊन पळणारा बाहेरून निसटू नये म्हणून लाइनबॅकरनं आतल्या हातानं अडवणाऱ्याला थोपवायचं आणि बाहेरचा हात मोकळा ठेवायचा. सॅकच्या मोहानं तो आत घुसला, की बाहेर रस्ता मोकळा. हे काम आकडेवारीत दिसत नाही, पण प्रशिक्षक चित्रफीत पाहताना आधी हेच बघतो.

डोळ्यांना काय शिकवावं लागतं

शरीरापेक्षा अवघड भाग हा. एंड बहुतेक वेळ चेंडू आणि समोरचा टॅकल एवढंच पाहतो. आउटसाइड लाइनबॅकरला टॅकल, शेजारचा टाइट एंड आणि मागचा रनिंग बॅक या तिघांकडे एका नजरेत पाहून क्षणात ठरवावं लागतं : पळणार की फेकणार? मी पुढे जाऊ की मागे?

मागे जायचं ठरलं तर नवाच धडा सुरू होतो. अशा वेळी त्याच्याकडे बहुधा दोनपैकी एक इलाका असतो. एक साइडलाइनच्या बाजूचा उथळ भाग, त्याला फ्लॅट म्हणतात. दुसरा आतला, आणखी खोलवरचा. तिथं पोचताना कंबर वळवून तिरकं पळायचं, पण नजर क्वार्टरबॅकवर. आयुष्यभर ज्याच्याकडे धावत गेलो, त्याच्याकडे बघत बघत दूर जायचं! मोठ्या अंगाच्या माणसाची कंबर पटकन वळत नाही, आणि इथंच बहुतेकांचं बिंग फुटतं. समोरचा संघ मुद्दाम आपला चपळ रनिंग बॅक त्याच्या इलाक्यात पाठवतो.

म्हणून निवड करताना प्रशिक्षक सरळ धावेचा वेग तर बघतातच, पण शंकूंभोवती वळून पळायच्या चाचण्यांतला वेळ अधिक बारकाईनं बघतात. वळता येतं का, थांबून दिशा बदलता येते का, यावर बरंचसं ठरतं.

तीन माणसं, तीन निकाल

डीमार्कस वेअर हे यशाचं सर्वांत स्वच्छ उदाहरण. ट्रॉय या छोट्या विद्यापीठात तो डिफेन्सिव्ह एंड होता. २००५ च्या ड्राफ्टमध्ये डॅलस काउबॉइजनं त्याला अकराव्या क्रमांकावर घेतलं. प्रशिक्षक बिल पार्सेल्स त्याच वर्षी तीन-चारकडे वळत होते. वेअर वजनानं हलका, हातानं लांब, कमरेत लवचीक. पहिल्या मोसमात ८ सॅक, २००८ मध्ये २०. पुढे २०१३ मध्ये डॅलसनं घाट बदलून चार-तीन केला. तेव्हा वेअर तिशी ओलांडलेला होता आणि दुखापतींनी बेजार होता. त्याला पुन्हा एंड केलं आणि सॅक ६ वर आले. संघानं त्याला सोडलं. तो डेन्व्हरला गेला आणि तिथं वेड फिलिप्स यांच्या तीन-चारमध्ये उभ्यानं खेळत २०१६ च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकला. त्या अंतिम सामन्यात त्याचे दोन सॅक होते.

ज्युलियस पेपर्सचं उदाहरण वयाचं. बारा मोसम तो एंड म्हणून खेळला. २०१४ मध्ये चौतिसाव्या वर्षी ग्रीन बे पॅकर्सनं त्याला आउटसाइड लाइनबॅकर केलं. त्याच मोसमात त्यानं ७ सॅक केले, शिवाय दोन फेकी मधल्यामध्ये झेलल्या, आणि दोन्ही वेळा पळत जाऊन टचडाउन केलं. यामागं एक गोष्ट आहे. पेपर्स कॉलेजात बास्केटबॉलही खेळलेला. हवेतला चेंडू वाचणं आणि झेलणं त्याच्या हातात आधीच होतं. बदल करताना खेळाडूच्या जुन्या खेळांची चौकशी करावी ती यासाठी.

तिसरं नाव एरन कॅम्पमन. हाही ग्रीन बेचाच, पण काही वर्षं आधीचा. २००६ मध्ये एंड म्हणून १५.५ सॅक, पुढच्या वर्षी १२. मेहनती, शिस्तीचा, सरळ रेषेत ताकदीनं खेळणारा. २००९ मध्ये डॉम केपर्स तीन-चार घेऊन आले आणि कॅम्पमनला मागे उभं राहावं लागलं. वर्ष नेमकं करार संपण्याचं. नऊ सामन्यांत ३.५ सॅक, मग गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि मोसम संपला. तो पुढे जॅक्सनव्हिलला गेला, पुन्हा एंड म्हणून. गंमत बघा, त्या वर्षी ग्रीन बेचा बचाव पळणाऱ्यांना रोखण्यात लीगमध्ये पहिला आला, आणि एका मोसमानंतर संघ सुपर बोल जिंकला. म्हणजे संघाचा निर्णय बरोबर होता आणि तरीही एका चांगल्या खेळाडूचं त्यात नुकसान झालं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

नाव काय लिहायचं, यावर पैसा ठरतो

या बदलाला एक कागदी बाजूही आहे. करार संपणाऱ्या खेळाडूला संघ एका वर्षासाठी रोखून ठेवू शकतो. त्याला फ्रँचायझी टॅग म्हणतात. त्याची रक्कम जागेनुसार ठरते, आणि २००८ मध्ये एंडची रक्कम लाइनबॅकरपेक्षा जास्त होती. बाल्टिमोर रेव्हन्सचा टेरेल सग्ज कॉलेजात एंड होता. संघानं त्याला लाइनबॅकर केला आणि टॅगही लाइनबॅकरचाच लावला. त्याचं म्हणणं, मी एंडचंही काम करतो, तर दाम एंडचं हवं. शेवटी दोन्ही रकमांच्या मधला आकडा ठरला. जमिनीवर हात किती वेळा टेकला, हा तिथं हिशेबाचा विषय होता!

आज ही भिंत बरीच पातळ झाली आहे. फेकीचा खेळ वाढल्यामुळे संघ बराच वेळ पाच किंवा सहा मागचे बचावपटू घेऊन खेळतात. अशा वेळी चार-तीन आणि तीन-चार यांतला फरक पुसट होतो. दोन्ही जागांना मिळून आता सरळ 'एज', म्हणजे टोकाचा खेळाडू, म्हणतात. २०१५ मध्ये ओकलंडच्या खलील मॅकला वर्षाच्या सर्वोत्तम संघात एंड आणि लाइनबॅकर अशा दोन्ही जागी निवडलं गेलं. असं आधी कुणाच्याही वाट्याला आलं नव्हतं.

मग प्रशिक्षकानं करावं काय?

सारांश सांगतो. आधी माणूस बघा, मग घाट. कंबर वळते का, उभ्यानं पहिलं पाऊल पुढे पडतं का, हे सरावात तपासा. सुरुवातीला त्याला मागे कमी पाठवा, पुढे जास्त सोडा. ज्या कामावर त्याचं नाव झालं, ते हातातून एकदम काढून घेऊ नका. मागे सरकणं हळूहळू वाढवा. आणि करार संपण्याच्या वर्षात हा प्रयोग करत असाल, तर त्याच्याशी आधी मोकळेपणानं बोला. जागा बदलण्याचा निर्णय संघ घेतो, पण त्याची किंमत मोजायची वेळ आली तर ती बहुधा खेळाडूच मोजतो.

पुढच्या वेळी सामना लावलात, तर चेंडू हलण्याआधी टोकाच्या माणसाकडे बघा. हात जमिनीवर आहे की हवेत? उभा असेल, तर तो पुढे येणार की मागे जाणार, याचा अंदाज बांधा. क्वार्टरबॅकही त्या क्षणी तोच अंदाज बांधत असतो. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.