नवऱ्याची गाडी आणि लुईझची शर्यत

नवऱ्याने हौसेने घेतलेली गाडी. रोज सकाळी फडक्याने पुसायची, कुणी दाराला हात लावला तरी ओरडायचं. अशी गाडी बायकोने परगावी नेली आणि पार चेपून टाकली तर? नुसत्या विचारानेच पोटात गोळा येतो की नाही? पण ही गोष्ट खरोखर घडलेली आहे. १९४७ साली, अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या ग्रीनव्हिल गावच्या एका घरात. त्या बायकोचं नाव लुईझ स्मिथ.

लुईझचा जन्म १९१६ सालचा. नवरा नोआ जुन्या मोटारींच्या भंगाराचा धंदा करायचा. त्यामुळे घराच्या अवतीभवती गाड्या नि त्यांचे सुटे भाग सदा पडलेले. लुईझला वेगाचं भारी वेड. पोलिसांची गाडी मागे लागली तरी ती काही त्यांच्या हाती लागत नाही, अशी तिची गावात ख्याती होती. आपल्याकडे अशा सुनेबद्दल काय काय बोललं गेलं असतं, ते सांगायलाच नको!

ही ख्याती बिल फ्रान्स नावाच्या गृहस्थाच्या कानावर गेली. हा माणूस मोटारींच्या शर्यती भरवायचा. या शर्यती कशा, तर तुमच्या-आमच्या दारात उभ्या असतात तसल्याच गाड्यांच्या. त्यांना ‘स्टॉक कार’ म्हणतात. मैदान म्हणजे अर्ध्या मैलाची लंबगोल मातीची वाट. तिच्यावर गोल गोल फिरायचं, वळायचं ते फक्त डावीकडे. ऐकायला सोपं वाटतं. पण एकाच वेळी वीसपंचवीस गाड्या एकमेकींना घासत, धक्के देत धावतात. धुळीने पुढचं दिसत नाही आणि वळणावर चाकं घसरतात. त्या काळी आजच्यासारखे आगीपासून वाचवणारे कपडे नव्हते, की अंगाला घट्ट धरून ठेवणारी खास आसनंही नव्हती.

१९४६ साली फ्रान्सला ग्रीनव्हिलच्या शर्यतीसाठी गर्दी खेचायची होती. बाई गाडी चालवणार म्हटलं की लोक तिकीट काढून बघायला येतील, असा साधा व्यापारी हिशेब. त्याने लुईझला विचारलं. तिने तोवर आयुष्यात एकही शर्यत पाहिलेली नव्हती, तरी ती हो म्हणाली.

तिला बजावलं होतं एवढंच, की लाल निशाण दिसलं की थांबायचं. पण शर्यत संपली की काळ्या-पांढऱ्या चौकटींचं निशाण दाखवतात, हे सांगायचं सगळेच विसरले! शर्यत संपली, बाकीचे थांबले आणि लुईझ आपली फिरतेच आहे. शेवटी कुणाला तरी आठवण झाली, लाल निशाण फडकवलं, तेव्हा कुठे ती थांबली. हा किस्सा पुढे ती स्वतः हसत हसत सांगायची. पण मैत्रिणींनो, हसताना एक गोष्ट विसरू नका. त्या पहिल्याच शर्यतीत तिचा तिसरा नंबर आला होता.

दुसऱ्या वर्षी ती फ्लोरिडात डेटोनाला गेली. तिथली शर्यत समुद्रकाठच्या वाळूवर आणि लगतच्या रस्त्यावर व्हायची. ती गेली होती म्हणे नुसती बघायला, पण बघत बसवेना. नवऱ्याची चकचकीत फोर्ड बरोबर होतीच, घातली शर्यतीत! एका वळणावर आधीच सात गाड्या एकमेकींवर आदळून पडल्या होत्या. लुईझची गाडी त्यांच्यावर आपटली, हवेत उडाली आणि उलटी पडली. पोलिसांनी ती सरळ करून दिली. आणि या बाईने त्याच गाडीतून शर्यत पुरी केली, तेराव्या नंबरावर.

घरी परतली ती गाडीशिवाय. गाडी कुठे आहे, असं नोआने विचारलं. ते डबडं वाटेत ऑगस्टाला बंद पडलं, असं तिने ठोकून दिलं. नोआने काही न बोलता वर्तमानपत्र पुढे धरलं. पहिल्या पानावर गाडीचा फोटो होता! बाई घरी पोचायच्या आधीच सगळ्या गावाला बातमी कळली होती. भंगाराचा धंदा करणाऱ्याच्या घरात आणखी एका भंगाराची भर!

कुणाला वाटेल, आता तरी ती घरी बसली असेल. छे! उलट खरी सुरुवात इथूनच झाली. या गावाहून त्या गावी, शनिवारी एका मैदानावर तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या, अशी ती दहाएक वर्षं धावली. छोट्या मैदानांवर वेगवेगळ्या प्रकारच्या मिळून ३८ शर्यती तिने जिंकल्या. १९४९ च्या जुलैत डेटोनाला मोठ्या मालिकेची शर्यत झाली. तीत लुईझबरोबर सारा ख्रिश्चन आणि एथेल मोब्ली याही धावल्या; एकाच शर्यतीत तीन बायका! एथेलने तर आपल्या दोन सख्ख्या भावांना मागे टाकलं.

पैशाच्या नावाने मात्र आनंद होता. जितकं जास्त धावावं तितकी गाठ रिकामी होत जायची. एकदा तिने आणि बक बेकर, ली पेटी या पुढे मोठं नाव कमावलेल्या दोघांनी खिसे उलटे केले, तेव्हा तिघांत मिळून जेमतेम एक हॉट डॉग आणि एक कोकाकोला आला. शरीराची तर दैनाच झाली. उत्तर कॅरोलायनातल्या एका अपघातात तिला गॅसच्या ज्योतीने पत्रा कापून बाहेर काढावं लागलं. त्याला अर्ध्या तासाच्या वर वेळ लागला. गुडघ्यात पिना बसल्या. तरी बरी झाल्यावर पुन्हा ती चाकापाशी हजर.

१९५६ मध्ये ती धर्माकडे वळली आणि शर्यती सोडल्या. तिच्यामागून येणाऱ्या बायकांना मात्र वाट मोकळी मिळाली नाही. कित्येक मैदानांवर जिथे गाड्या दुरुस्त होतात तिथे बाईने पाऊलही टाकायचं नाही, असा नियम बरीच वर्षं होता. तिकिटं खपवायला बाई चालत होती, कामाच्या जागी चालत नव्हती. १९७६ साली जॅनेट गथ्री शार्लटच्या ६०० मैलांच्या शर्यतीत उतरली, तेव्हा ते केवढं नवल वाटलं लोकांना! जणू लुईझ, सारा, एथेल कधी झाल्याच नव्हत्या.

लुईझ १९७१ मध्ये पुन्हा आली ती तरुण चालकांसाठी गाड्या पुरवणारी मालकीण म्हणून. आणि १९९९ मध्ये मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय सन्मान दालनात तिचं नाव लागलं. तिथे मान मिळवणारी ती पहिली स्त्री. तेव्हा तिने वयाची ऐंशी ओलांडली होती. २००६ च्या एप्रिलमध्ये ती गेली.

नवऱ्याला न सांगता त्याची गाडी पळवा, असं काही मी सांगत नाही बरं का! आणि थाप मारायचीच तर आधी वर्तमानपत्र बघावं, हेही खरं. पण मला लुईझची एक गोष्ट फार आवडते. तिला बोलावलं होतं ते गंमत म्हणून, चार तिकिटं जास्त खपावीत म्हणून. आपल्यालाही कितीदा असंच बोलावलं जातं. कमिटीत एक बाई हवी, व्यासपीठावर एक साडी दिसायला हवी, म्हणून. अपमान वाटून घरी बसणं सोपं असतं. लुईझ त्या फटीतून आत शिरली आणि आत गेल्यावर शोभेला उभी राहिली नाही, धावली. कुठे थांबायचं हे तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं, तेच बरं झालं!