हुकूम आज, निकाल उद्या

शेकडो ग्रह, सोळापर्यंत साम्राज्यं, त्यांचे कारखाने, खाणी, आरमारं आणि आपसातली भांडणं हे सगळं एका चिमुकल्या फाइलीत मावतं. ती फाइल ई-मेलला जोडली की नांदेडहून लातूरला जाते, लातूरहून पुण्याला, वाटलं तर तिथून न्यू जर्सीलाही. सगळ्या खेळाडूंनी एकाच वेळी ऑनलाइन असायची गरज नाही. कोणी सकाळी चहा उकळेपर्यंत आपली चाल करतो, कोणी रात्री घरचे झोपल्यावर. ठरलेल्या वेळी सगळ्यांच्या चाली एकत्र होतात आणि आकाशगंगेतलं एक वर्ष सरतं.

या खेळाचं नाव ‘स्टार्स!’, उद्गारचिन्हासकट. जेफ जॉन्सन आणि जेफ मॅकब्राइड या दोघांनी तो नव्वदच्या दशकाच्या मध्यात विंडोजसाठी लिहिला. आजच्या मोबाइलवरच्या खेळांपुढे त्याचं रूप अगदीच साधं आहे: काळा पडदा, त्यावर ठिपके, बाजूला आकड्यांचे तक्ते. धडामधुडुम काही नाही. पण त्या ठिपक्यांमागे जे गणित आहे ते एकदा लक्षात आलं की माणूस ऑफिसात बसूनही खेळातल्या जर्मेनियम या खनिजाचा हिशेब करू लागतो.

मला या खेळात सर्वांत मोठं नवल वाटतं ते उशिराचं. बाकीचे खेळ उशीर लपवायला धडपडतात. सेकंदाचा विसावा भाग जरी चित्र अडखळलं तरी पोरं मोबाइल आपटतात. इथे उशीर हाच नियम आहे. तुम्ही पाहता ती बातमी जुनी असते. शत्रूच्या ग्रहावर टिचकी मारली की खेळ स्वतःच सांगतो, हा अहवाल इतक्या वर्षांपूर्वीचा आहे. तुमची टेहळणी तिथून पुढे गेली, त्यानंतर तिथे काय शिजलं ते तुम्हाला ठाऊक नाही. आणि निर्णय मात्र आज घ्यायचा आहे.

आपल्या भागाला हे नवं नाही. फेब्रुवारी १७६० च्या सुरुवातीला सदाशिवरावभाऊंनी उदगीर-औशाच्या परिसरात निजामाला नमवलं. आज हा सगळा टापू लातूर जिल्ह्यात येतो. त्याआधी, १० जानेवारीला, दिल्लीजवळ यमुनेच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले होते. म्हणजे इकडे विजयाची लढाई चालू असताना उत्तरेतला डाव तीन आठवड्यांहून अधिक काळ आधीच फिरलेला होता. घोडेस्वार जेवढा धावेल तेवढ्याच वेगाने बातमी येणार. पुढे मार्चमध्ये परतूरला मसलत होऊन भाऊंची फौज तिथून उत्तरेकडे निघाली, तीही अशाच वाटेत शिळ्या झालेल्या बातम्यांच्या भरवशावर. ‘स्टार्स!’चा नकाशा समोर उघडला की मला परतूरची ती मसलत आठवते. तिथे कोणी मूर्ख नव्हतं. सगळ्यांच्या हातातली माहिती जुनी होती, इतकंच.

आता डाव चालतो कसा ते पाहू. एक जण होस्ट होतो. त्याच्याकडे सगळ्या विश्वाची खरी फाइल असते, परवलीच्या शब्दाने बंद केलेली. डाव सुरू होताना तो सर्वांना ताऱ्यांच्या नकाशाची एक फाइल देतो, ती एकदाच. नंतर दर वर्षी प्रत्येकाला त्याची स्वतःची फाइल येते. तिच्या शेपटाला इंग्रजी एम हे अक्षर आणि खेळाडूचा क्रमांक असतो. तिच्यात फक्त तुम्हाला दिसतं तेवढंच जग असतं. तुम्ही ती उघडता, हुकूम देता (हे जहाज तिकडे, इथे दहा कारखाने, संशोधनाला इतका खर्च) आणि जतन केली की एक्स अक्षराच्या शेपटाची दुसरी फाइल तयार होते. ती होस्टला पाठवायची. जिल्हा परिषदेत बंद लखोट्यातल्या निविदा ठरलेल्या दिवशी सगळ्यांसमोर एकदम फोडायचे, तसंच इथे होतं. कोणाची फाइल आधी आली, कोणाची शेवटच्या मिनिटाला, याने काही फरक पडत नाही. होस्ट कळ दाबतो, सगळे हुकूम एकाच वेळी अमलात येतात. एखाद्याची फाइल आलीच नाही तर त्याचे जुनेच हुकूम पुढे चालू राहतात. जहाजं निघालेली असतील तर जात राहतात, कारखाने बांधायला लावले असतील तर बांधले जातात. खेळ कोणासाठी थांबत नाही.

चाली पाठवून दुरून खेळण्याचा हा प्रकार ई-मेलच्या कितीतरी आधीचा आहे. १८२४ ते १८२८ या काळात लंडन आणि एडिंबरा या शहरांत टपालाने बुद्धिबळाचा सामना झाला आणि एडिंबराने तो जिंकला. आपल्याकडेही लगेच, १८२८-२९ मध्ये, मद्रास आणि हैदराबाद यांच्यात असाच सामना रंगला. मद्रासच्या बाजूने खेळणारा गुलाम कासिम हा त्या काळचा नावाजलेला खेळाडू. बुद्धिबळातल्या एका सुरुवातीला आजही त्याचं नाव आहे. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या मुलखात होते. एक घोडा अडीच घरं हलवायचा आणि त्याची वर्दी शेकडो मैल डाकेने जायची! अवकाशातली युद्धं टपालावर आणायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. अमेरिकेच्या सैन्यात असलेल्या रिक लूमिस याने १९७० मध्ये टपालाने खेळायच्या खेळांचा धंदा सुरू केला, आणि १९७६ मध्ये त्याचा ‘स्टारवेब’ आला: पंधरा खेळाडू, २५५ जगं. हुकूम कागदावर लिहून पाठवायचे, संगणक निकाल काढायचा, छापील उत्तर पोस्टाने परत यायचं. पुढे १९९२ मध्ये टिम विसमन याने ‘व्हीजीए प्लॅनेट्स’ काढला. तो डॉसवर चालायचा आणि त्यात अकरा जमाती होत्या. ‘स्टार्स!’ हा याच घराण्यातला.

नवा खेळाडू पहिली चूक करतो ती तोफा बांधण्याची. सुरुवातीची वीस वर्षं हा युद्धाचा खेळच नाही, लोकसंख्येचा आहे. साल २४०० ला डाव सुरू होतो. खेळात तयार असलेली मानवांची जमात घेतलीत तर तुमच्याकडे एक मायग्रह, २५,००० माणसं आणि मोजकी जहाजं असतात. वाढीचा दर वर्षाला १५ टक्के. ऐकायला फार वाटत नाही. पण कोणाला बाहेर पाठवलं नाही तर साधारण अठरा वर्षांत ही माणसं तीन लाख होतात. रोज एक चाल धरली तर अडीच आठवडे.

आणि इथे गंमत आहे. या जमातीच्या मायग्रहावर जास्तीत जास्त बारा लाख माणसं मावतात. ग्रह एक चतुर्थांश भरेपर्यंत वाढ पूर्ण वेगाने होते; त्यानंतर दाटीचा नियम लागू होतो आणि वाढ मंदावते. तीन लाख वस्तीला वर्षाला ४५,००० नवी माणसं येतात. चार लाखांना साधारण ४७,४००, हा कळस. सहा लाख झाले, म्हणजे ग्रह अर्धा भरला, की वाढ उतरते ४०,००० वर. आणि दहा लाख ऐंशी हजार माणसं असली, ग्रह नव्वद टक्के भरला, की वर्षाला जेमतेम २,९०० ची भर पडते! भरलेल्या घरात पाळणा हलत नाही. म्हणून जाणता खेळाडू मायग्रह कधीच भरू देत नाही. वस्ती एक चतुर्थांश ते एक तृतीयांशाच्या आसपास ठेवायची आणि वरची सगळी माणसं दर वर्षी जहाजात घालून नव्या ग्रहांवर पोचवायची. माझं मत विचाराल तर या खेळातलं सगळ्यात सुंदर गणित हेच. बारावीला सूत्रं पाठ करणाऱ्या लातूरच्या पोरांपुढे हा आलेख एकदा ठेवावा. कलनाचं पुस्तक त्यांना वेगळं वाटू लागेल.

ग्रह निवडताना तीन गोष्टी पाहायच्या: गुरुत्वाकर्षण, तापमान आणि किरणोत्सर्ग. त्यांच्यावरून ग्रह आपल्या जमातीला किती टक्के मानवतो ते ठरतं. पन्नास टक्क्यांच्या ग्रहावर वाढीचा दरही निम्मा आणि माणसंही निम्मीच मावणार. लाल दिसणाऱ्या ग्रहावर उतरवलेली माणसं मरतात, हे एकदा अनुभवलं की पुन्हा कोणी घाई करत नाही. सुरुवातीच्या वसाहतीच्या जहाजात २,५०० माणसं बसतात, तेव्हा ते कुठे पाठवायचं याचा निर्णय हलका नसतो. टेहळणीची जहाजं मात्र पहिल्याच वर्षी चारी दिशांना सोडून द्यावीत, ती हातात ठेवून काही मिळत नाही.

मग कारखाने. मानवांच्या जमातीत एका कारखान्याला दहा एकक साधनसंपत्ती आणि थोडं जर्मेनियम लागतं. तो वर्षाला एक एकक देतो. दहा हजार माणसं दहा कारखाने चालवू शकतात. हिशेब केला तर कारखाना दहा वर्षांत आपली किंमत फेडतो. म्हणून जो खेळाडू चाळिसाव्या वर्षी बांधायला बसतो तो हरलेलाच असतो. त्याच्या शेजाऱ्याने हेच काम पाचव्या वर्षी उरकलेलं असतं.

अंतरांचा नियम इतका नीटस आहे की त्यावरून लेखकांचं कौतुक करावं. जहाजाचा वेग ‘वॉर्प’मध्ये मोजतात. वॉर्पच्या आकड्याचा वर्ग म्हणजे वर्षाला तितकी प्रकाशवर्षं. वॉर्प पाचला पंचवीस, वॉर्प नऊला एक्याऐंशी. वॉर्प एक म्हणजे वर्षाला एक प्रकाशवर्ष, म्हणजे बरोबर प्रकाशाचा वेग. खेळातली सगळ्यांत मंद चाल ही खऱ्या विश्वाची कमाल मर्यादा आहे! खऱ्या आकाशात व्याधाचा तारा सुमारे साडेआठ प्रकाशवर्षांवर आहे. वॉर्प तीनला तो वर्षभरात गाठता येईल. आणि जुन्या बातम्यांचंच म्हणाल तर, नांदेडच्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारायला केंद्राने २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची ती वेधशाळा दूरच्या कृष्णविवरांच्या टकरींतून निघालेल्या लहरी टिपणार आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा पकडलेली लहर सुमारे १३० कोटी वर्षं प्रवास करून आली होती. अहवाल किती जुना असू शकतो याला विश्वात तरी मर्यादा दिसत नाही.

लढाईतही तुम्ही हजर नसता. आपल्या आरमाराने कोणावर आधी मारा करायचा, कधी पळायचं, हे आधी लिहून द्यायचं. दहा बाय दहाच्या पटावर जास्तीत जास्त सोळा फेऱ्यांत लढाई संपते आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही तिचा सिनेमा पाहता. काहीही बदलता येत नाही. अर्ध्या रात्री स्वतःचीच योजना फसताना शांतपणे पाहत बसणं, हा अनुभव दुसऱ्या कुठल्या खेळाने मला दिलेला नाही.

आणि खरा डाव रंगतो तो फाइलींच्या मधल्या वेळात. लातूरहून दोन ओळींचा ई-मेल येतो: “नांदेडकर, तुमचं टेहळणीचं जहाज आमच्या दारात काय करायलंय?” नांदेडहून उत्तर जातं: “दादा, रस्ता चुकलं ते. बरं, पलीकडच्या निळ्या गड्याचं काय करायचं?” इथे करार होतात, मोडतात, रुसवे होतात. तहावर सही नसते आणि तो मोडला म्हणून कोणी दंड करत नाही. पण पुढच्या डावात सगळ्यांना आठवण असते.

ज्या गावांनी भारनियमन पाहिलं त्यांच्यासाठी हा खेळ जणू बेतूनच काढलेला आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते मोठ्या शहरांत. छोट्या गावांना पुढेही बरीच वर्षं रेंगाळत्या जोडण्यांवर भागवावं लागलं. या खेळाला दिवसातून एकदा, मिनिटभर जोडणी मिळाली तरी पुरते. वीज गेली तर गेली. चालीच्या ठरलेल्या वेळेआधी आली म्हणजे झालं.

सुरुवात करायची असेल तर अडचण एकच, ‘स्टार्स!’ सोळा-बिटचा आहे. आजच्या चौसष्ट-बिट विंडोजवर तो थेट चालत नाही. लिनक्सवर वाइनमधून किंवा डॉसबॉक्समध्ये जुनं विंडोज ३.१ बसवून चालवावा लागतो. एवढी खटपट नको असेल तर २००० सालचा ‘स्पेस एम्पायर्स ४’ घ्या. तो विकत मिळतो, त्यालाही ई-मेलने खेळण्याची सोय आहे, पण तो अधिक पसरट आहे आणि मला तरी तितका घट्ट वाटत नाही. चार-पाच जण जमवा, त्याहून जास्त नको. सर्वांत लहान नकाशा घ्या. पहिल्या डावात सगळ्यांनी मानवांचीच जमात घ्या. स्वतःची जमात घडवण्याचा मोह दुसऱ्या डावासाठी ठेवा. होस्ट असा निवडा जो स्वतः खेळत नाही आणि वेळेचा पक्का आहे. चालीची वेळ रात्रीची ठरवा, रविवारी सुट्टी द्या, आणि परीक्षांच्या महिन्यात नवा डाव मांडू नका.