चित्राची जबानी

१८९५ सालच्या सप्टेंबरात अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर नामक गृहस्थांनी हार्वे लिलार्ड या बहिऱ्या सफाई कामगाराचा मणका हाताने दाबून त्यास ऐकू येऊ लागल्याचा दावा केला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जर्मनीत व्युर्ट्सबुर्ग येथे रॉन्टगेन यांस क्ष-किरण गवसले. मोटारीच्या धडकेने मान दुखावलेला अमेरिकन मनुष्य पुढे शतकभर या दोन घटनांच्या वारसांकडे हेलपाटे घालीत राहिला. पामरांची हकीकत पटणे मला कठीण जाते, कारण श्रवणाची नस मुळी कण्यातून जातच नाही. तरी हाताने मणके दाबून उपचार करणारा कायरोप्रॅक्टिकचा पंथ या हकीकतीवरच उभा राहिला.

पामरपुत्र बी. जे. यांनी १९१० साली आपल्या विद्यालयात क्ष-किरण यंत्र आणले, तेव्हा हस्तकौशल्याच्या पंथात यंत्राचा हा शिरकाव कित्येक अध्यापकांना रुचला नाही. बी. जे. यांना मात्र रोगनिदानापेक्षा पुरावा हवा होता : मणका ‘सरकला’ आहे हे काचेवर दाखविता यावे. चित्राच्या गळ्यात साक्षीदाराची भूमिका पडली ती तेव्हापासून.

या भूमिकेवर सरकारी मोहोर उमटली १९७२ साली. वृद्धांच्या मेडिकेअर योजनेत कायरोप्रॅक्टिकला त्या वर्षीच्या कायद्याने जागा मिळाली, परंतु मणका सरकल्याचे क्ष-किरण चित्र दप्तरी असल्यावाचून बिल मंजूर होऊ नये अशी अट पडली. आणि गंमत अशी की, तेच चित्र कायरोप्रॅक्टरने काढले तर त्याचा खर्च देण्यास सरकार राजी नव्हते. चिकित्सेस गरज असो वा नसो, कारकुनाच्या समाधानासाठी पाठीवर किरण सोडण्याचा हा रिवाज १ जानेवारी २००० पर्यंत चालला.

अपघाताच्या दाव्यांत या साक्षीचे विपरीत परिणाम दिसले. मागून धडक बसून मान हिसकली असता स्नायू व अस्थिबंध ताणले जातात, आणि साध्या क्ष-किरणात ते उमटतच नाहीत. साहजिकच चित्र निर्दोष आले की विमा कंपनीस दुखणे लबाडीचे वाटे. सीटी १९७१ साली रुग्णापर्यंत पोहोचले, मागाहून एमआरआय आले, आणि पारडे दुसरीकडे झुकले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलनात पाठदुखीची कसलीही तक्रार नसलेल्यांची चित्रे तपासली गेली, तेव्हा विशीतल्या सुमारे ३० टक्के व ऐंशीच्या घरातील ८४ टक्के लोकांत मणक्यांमधली चकती फुगलेली आढळली. ही फुगवट धडकेने आली की वयाने, हे एकटे चित्र काय सांगणार?

कायरोप्रॅक्टरने मानेस झटका देण्यापूर्वी अस्थिभंग नाही याची खात्री झालीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. मानेचे चित्र केव्हा काढावे याचा कॅनडात २००१ साली प्रसिद्ध झालेला नियम शुद्धीवरील व स्थिर प्रकृतीच्या जखमींसाठी आहे. वय ६५ वा अधिक, आघात भयंकर, किंवा हातापायांस मुंग्या, यांपैकी काही असेल तर चित्र काढावे. तसे काही नसून धोका कमी असल्याची लक्षणे असतील, तर रुग्णास मान दोन्ही बाजूंस ४५ अंश आपण होऊन वळविण्यास सांगावे, आणि ती वळली तर चित्राची गरज नाही. २०१७ साली अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशननेही, धोक्याची लक्षणे नसतील तर नव्या कंबरदुखीत पहिले सहा आठवडे चित्र काढू नये, असा सल्ला दिला. पंथातील एका गटाने मात्र त्यास कडाडून विरोध केला.