निवडणुकीतील गैरप्रकाराचा पुरावा कसा तोलावा

कोल्हापूरचा निकाल

४ जून २०२४ रोजी कोल्हापूर लोकसभा मतदारसंघातून महाविकास आघाडीतील काँग्रेसचे शाहू छत्रपती दीड लाखांहून अधिक मतांनी विजयी झाले. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला, तेव्हा जिल्ह्यातील दहापैकी एकही जागा महाविकास आघाडीला मिळाली नाही. एवढा उलटफेर पाहून शंका येणे स्वाभाविक आहे. मात्र कोल्हापूर लोकसभेत जिल्ह्यातील सहाच विधानसभा मतदारसंघ येतात. उरलेले चार हातकणंगले लोकसभेत मोडतात आणि तेथे जूनमध्येही महायुतीचे धैर्यशील माने निवडून आले होते. करवीरचा विधानसभेचा निकाल तर अवघ्या १,९७६ मतांनी लागला. त्यामुळे निकालातील बदल हे चौकशीचे कारण ठरू शकते. तो स्वतः पुरावा नव्हे.

आरोप नेमका कोणत्या टप्प्यावर

'मतचोरी' या एका शब्दात चार वेगळे आरोप दडलेले असतात: मतदारयादीत खोटी नावे, केंद्रावर बोगस मतदान, यंत्रात फेरफार आणि मोजणीत लबाडी. प्रत्येकाचा माग वेगळ्या कागदावर राहतो. यादीतील घोळ घरोघरच्या पडताळणीत उघड होतो, बोगस मतदान मतदार नोंदवहीत, यंत्रातील फेरफार मतदानयंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅट या छपाईयंत्राच्या चिठ्ठ्यांत, तर मोजणीतील लबाडी केंद्रावर पडलेल्या मतांची नोंद असलेला १७-सी नमुना आणि निकालपत्रक शेजारी ठेवल्यावर. राज्यातील मतदारसंख्या लोकसभेच्या वेळच्या ९.२९ कोटींवरून विधानसभेला ९.७० कोटींवर गेली, हा आक्षेप पहिल्या प्रकारचा आहे. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या कितीही मोजल्या तरी त्याचे उत्तर मिळणार नाही.

सायंकाळचे मतदान

विधानसभेच्या मतदानादिवशी, २० नोव्हेंबरला, सायंकाळी पाचपर्यंतची टक्केवारी ५८.२२ सांगितली गेली. अंतिम आकडा ६६.०५ निघाला. ७.८३ टक्क्यांचा हा फरक ९.७० कोटी मतदारांवर काढला की सुमारे ७६ लाख मते होतात. राज्यात एक लाखाच्या आसपास मतदान केंद्रे होती. म्हणजे दर केंद्रामागे सरासरी ७६ मते. सहा वाजता रांगेत असलेल्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटून मतदान करू दिले जाते आणि पाचचा आकडाही केंद्रांकडून आलेल्या तात्पुरत्या माहितीवर बेतलेला असतो. त्यामुळे ही सरासरी अशक्य वाटत नाही. पण सरासरीने एखाद्या विशिष्ट केंद्रावर काय घडले ते कळत नाही. त्यासाठी त्या केंद्राची नोंदवही आणि मतदान संपताच उमेदवारांच्या प्रतिनिधींना मिळणारी १७-सी ची प्रत पाहावी लागते. वाढीव मतदानावर आक्षेप घेणारी विक्रोळीच्या एका मतदाराची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २५ जून २०२५ रोजी फेटाळली.

चिठ्ठ्यांची पडताळणी

बटण दाबल्यावर चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. सर्वोच्च न्यायालयाच्या ८ एप्रिल २०१९ च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील पाच केंद्रे चिठ्ठी टाकून निवडली जातात आणि तेथील व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या यंत्रातील आकड्यांशी ताडून पाहिल्या जातात. महाराष्ट्रात २८८ मतदारसंघांत अशा १,४४० यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या आणि तफावत आढळली नाही, असे निवडणूक आयोगाने जाहीर केले.

या निष्कर्षाचे वजन आरोपाच्या आकारावर ठरते. राज्यभरातील यंत्रांपैकी समजा एक टक्क्यात फेरफार झाला असता, तर १,४४० यंत्रांच्या यादृच्छिक नमुन्यात त्यातले एकही न सापडण्याची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी आहे. राज्यव्यापी यंत्रघोटाळ्याच्या दाव्याविरुद्ध हा भक्कम पुरावा आहे. एका मतदारसंघापुरते पाहिले की चित्र पालटते. ३०० केंद्रांपैकी १० यंत्रांत प्रत्येकी शंभर मते एका उमेदवाराकडून दुसऱ्याकडे वळवली, तर दोघांतील अंतर दोन हजारांनी बदलते. करवीरसारख्या लढतीचा निकाल फिरवायला तेवढे पुरे. अशी दहा यंत्रे पाच केंद्रांच्या नमुन्यातून पूर्ण निसटण्याची शक्यता मात्र ८४ टक्के आहे. करवीरमध्ये असे घडले, असा याचा अर्थ नाही. अटीतटीच्या लढतीत पाच केंद्रांची तपासणी तोकडी पडते, एवढेच हे गणित दाखवते. म्हणून मताधिक्य जितके कमी, तितका नमुना मोठा असायला हवा.

यंत्र उघडण्याची तरतूद

सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी नाकारली. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना निकालानंतर सात दिवसांत, खर्च भरून, मतदारसंघातील पाच टक्के यंत्रांचे मायक्रोकंट्रोलर तपासून मागण्याची मुभा दिली. कोणत्या केंद्राची यंत्रे तपासायची हे उमेदवार सांगू शकतो. संशय विशिष्ट गावांपुरता असेल तेव्हा यादृच्छिक नमुन्यापेक्षा ही तरतूद अधिक उपयोगी पडते.

न्यायालयातील कसोटी

निकालाला आव्हान देणारी याचिका उच्च न्यायालयात ४५ दिवसांच्या आत करावी लागते. नियमभंग दाखवून भागत नाही. त्या भंगामुळे निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला हेही सिद्ध करावे लागते. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण दिल्लीतून हरलेले बलराज मधोक यांनी मतपत्रिकांवर रासायनिक प्रक्रिया केल्याचा आरोप केला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, काही मतपत्रिका नमुन्यादाखल तपासल्या गेल्या आणि आरोप टिकला नाही. आरोप विलक्षण होता, तरी तपासायला कागद उपलब्ध होता. म्हणूनच त्याचा निकाल लागू शकला.

पुराव्याची उपलब्धता

या बाजूने सध्याची स्थिती समाधानकारक नाही. डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक संचालन नियमांतील नियम ९३ बदलून सीसीटीव्ही चित्रणासारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी लोकांच्या तपासणीतून वगळण्यात आल्या. पुढे मे २०२५ मध्ये, याचिका नसल्यास चित्रण ४५ दिवसांनंतर नष्ट करता येईल, असे आयोगाने कळवले. म्हणजे ज्या मुदतीत याचिका करायची, त्याच मुदतीत चित्रण न पाहताच आरोप तपशीलवार मांडावा लागतो.