पिंपात किती उरलं, ते पडद्यावर

पुण्याहून अहिल्यानगरकडे निघालं की साधारण पन्नास किलोमीटरवर रांजणगाव लागतं. अष्टविनायकांतल्या महागणपतीमुळे हे नाव महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. गावाची दुसरी ओळख औद्योगिक वसाहतीची, आणि त्या वसाहतीत फ्रिजला मानाचं स्थान आहे. व्हर्लपूलचे फ्रिज इथे बनतात. एलजीने भारतातला आपला दुसरा कारखाना २००४ मध्ये इथेच उभा केला. हायरने २००७ मध्ये इथला अँकर-देवूचा कारखाना विकत घेतला आणि भारतात उत्पादनाला सुरुवात केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने रांजणगावसाठी इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूह जाहीर केला. जागा सुमारे २९७ एकर, खर्च ४९२ कोटींच्या घरात, आणि मुख्य उद्योग म्हणून नाव पुढे आलं ते आयएफबी रेफ्रिजरेशनचं. म्हणजे पुन्हा फ्रिजच.

याच फ्रिजभोवती अमेरिकेत आणि युरोपात घरच्या घरी बिअर करणाऱ्यांचा एक छंद गेल्या दहा-बारा वर्षांत चांगलाच रुजला आहे. फ्रिजमध्ये बिअरचं पिंप ठेवायचं, बाहेर नळ काढायचा आणि नळाच्या वर एक पडदा लावायचा. कोणत्या नळाला कोणतं पेय, त्याचा रंग किती गडद, कडवटपणा किती, मद्यांश किती आणि मुख्य म्हणजे पिंपात किती उरलं आहे, हे त्या पडद्यावर सतत दिसत राहतं. या छंदाला लागतं काय? एक फ्रिज, एखाद-दुसरा संवेदक, तळहाताएवढा संगणक आणि जुना टीव्ही. रांजणगावात पाळीवर जाणाऱ्या तंत्रज्ञाला यातली एकही वस्तू परकी नाही.

अडचण कायद्याची आहे, आणि ती आधीच सांगितलेली बरी. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून लागू आहे. त्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. ‘विकायला नाही, घरच्यापुरतं केलं’ ही सबब तिथे चालत नाही. अमेरिकेतही १९७८ पर्यंत जवळपास अशीच स्थिती होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली आणि एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बिअर स्वतःसाठी करण्याची मुभा मिळाली. तरी राज्यांचे कायदे आडवे येतच राहिले. अलाबामा आणि मिसिसिपी ही शेवटची दोन राज्यं २०१३ मध्ये राजी झाली. त्यामुळे तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरात हा छंद उघडपणे करता येतो, रांजणगावात करता येत नाही. पुणे परिसरात ताज्या बिअरचे नळ आहेत ते परवानाधारक मायक्रोब्रुअरींमध्ये. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी जर्मन ब्रूमास्टर ऑलिव्हर शाउफ यांना सोबत घेऊन २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ सुरू केली, तिथून ही वाट रुळली.

पण नळ आणि पडदा यांना कायद्याची आडकाठी नाही. आत काय भरायचं तेवढाच प्रश्न. परदेशातले हौशी लोक वापरतात ती १९ लिटरची उभी स्टीलची पिंपं मुळात बिअरसाठी बनलीच नव्हती. ती शीतपेयांच्या पाकाची. पेप्सी आणि कोका-कोलाचा पाक त्यांतून हॉटेलांत जायचा. पुढे पाक पिशव्यांतून जाऊ लागला, ही पिंपं मोडीत निघाली आणि हौशी मंडळींनी ती उचलली. कोकम, आल्याचा सोडा, लिंबाचा सोडा, थंड कॉफी यांतलं काहीही त्यांत भरावं, पिंप पुन्हा आपल्या मूळ कामाला लागतं.

पिंप स्टीलचं, बंद आणि फ्रिजच्या आत. बाटलीत डोकावता येतं, पिंपात नाही. उचलून अंदाज घ्यावा तर नळ्या आणि पेय बाहेर ढकलणाऱ्या कार्बन डायऑक्साइड वायूची जोडणी हलते. पाहुणे आलेले असताना नळातून फक्त फस्स आवाज आणि फेस यावा, ही प्रत्येक पिंपवाल्याची भीती. दुरून कळावं ही ओढ जुनीच आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणक विभागाने आपलं कोकचं यंत्र नेटवर्कला जोडलं. कोणत्या खणात बाटल्या आहेत आणि त्या गार झाल्यात का, हे खोलीत बसून कळू लागलं. १९९१ मध्ये केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेत संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला, कारण जिने चढून जावं तर भांडं रिकामं असायचं. तो कॅमेरा २००१ पर्यंत चालला. आज नळाच्या पडद्यामागे जो छोटा संगणक असतो, त्या रास्पबेरी पायची कल्पनाही केंब्रिजच्या याच प्रयोगशाळेतल्या मंडळींची. तो फेब्रुवारी २०१२ मध्ये ३५ डॉलरला बाजारात आला. पुढे ‘रास्पबेरीपिंट्स’सारखी मोफत प्रणाली आली आणि स्वतः फारसं प्रोग्रामिंग न करता पडदा उभा करणं सोपं झालं.

उरलेलं मोजण्याच्या दोन पद्धती आहेत: नळीतून किती गेलं ते मोजायचं, किंवा पिंपाचं वजन करायचं.

पहिल्या पद्धतीत पिंप आणि नळ यांच्यामध्ये प्रवाहमापक बसवतात. आत एक छोटं पंख्याचं चाक असतं, चाकात चुंबक आणि बाहेर हॉल संवेदक. चुंबकीय क्षेत्रामुळे विद्युतवाहकात आडवा विद्युतदाब निर्माण होतो, हे एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये दाखवलं. त्या शोधावर हे सगळं चालतं. द्रव वाहिला की चाक फिरतं आणि ठरावीक फिरण्यामागे एक स्पंद उमटतो. हौशी लोकांत सहज मिळणारा वायएफ-एस२०१ हा मापक लिटरला साधारण ४५० स्पंद देतो. ३३० मिलिलिटरचा एक ग्लास म्हणजे सुमारे १४८ स्पंद. मिनिटाला दोन लिटर वेगाने ओतलं तर सेकंदाला पंधरा. हा हिशेब ऐकायला सरळ, पण तो मापक मुळात पाण्याच्या नळीसाठी बनलेला आहे आणि त्याची मर्यादा मिनिटाला एक ते तीस लिटर. नळाचा वेग या मर्यादेच्या अगदी तळाशी येतो, तिथे चूक जास्त. शिवाय प्यायच्या वस्तूसाठी अन्नयोग्य साहित्याचा मापकच घ्यायला हवा. तो महाग पडतो, पण इथे काटकसर करू नये.

स्पंद मोजायचं काम थेट रास्पबेरी पायवर टाकणं योग्य नाही. तो एकाच वेळी पडदा रंगवतो, नोंदी साठवतो, वायफाय सांभाळतो. त्या गडबडीत एखादा स्पंद हुकतो. म्हणून मध्ये आर्डुइनोसारखा साधा नियंत्रक ठेवतात. आर्डुइनोचा जन्म २००५च्या सुमारास इटलीतल्या इव्रेया गावात झाला आणि त्याला नाव मिळालं ते तिथल्या एका बारचं. आर्डुइनो स्पंद मोजतो आणि बेरीज पायला कळवतो. आर्डुइनो न ठेवता मापक थेट पायला जोडणाऱ्यांची एक चूक हमखास होते. मापक पाच व्होल्टवर चालतो, पायच्या पिना मात्र ३.३ व्होल्टच्या वर सहन करत नाहीत. थेट तार जोडली की पिन जळू शकते. दहा हजार आणि वीस हजार ओहमचे दोन रोधक लावून दाब खाली आणला की काम होतं.

मग येतो फेस. वायूचे बुडबुडे चाकाला द्रवापेक्षा वेगाने फिरवतात आणि पडद्यावर न ओतलेला ग्लास ओतल्याची नोंद होते. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होतानाही तारेत खोटे स्पंद शिरतात. उपाय म्हणजे आवरणाची तार वापरायची, आणि दोन-चार सुटे स्पंद आले तर ते मोजू नयेत असं प्रोग्राममध्ये लिहून ठेवायचं.

दुसरी पद्धत वजनाची. पिंपाखाली भारसंवेदक ठेवायचा. स्नानगृहातल्या जुन्या वजनकाट्यातले चार संवेदकही चालतात. एचएक्स७११ नावाची छोटी चिप त्यांचा क्षीण संकेत वाचून आकडा देते. रिकामं पिंप साधारण चार किलोचं, भरलेलं तेवीसच्या आसपास. मधला फरक हाच माल. या पद्धतीत पेयाला काहीच स्पर्श करत नाही, त्यामुळे धुण्याची कटकट नाही आणि फेसाचा गोंधळही नाही. कोथिंबीर घातलेला मठ्ठा भरायचा असेल तर चाकाचा मापक पहिल्याच ग्लासात तुंबेल. वजनकाट्याला त्याचं काही नाही. घरच्या कामासाठी वजनाचीच पद्धत श्रेयस्कर आहे, निदान सुरुवातीला तरी.

तिचेही हट्ट आहेत. आठवडेच्या आठवडे भार अंगावर राहिला की संवेदकाचा आकडा हळूहळू सरकतो, म्हणून पिंप बदलताना दर वेळी शून्य पुन्हा लावावं लागतं. फ्रिजमधल्या दमटपणाने जोडण्या गंजतात. त्यांवर जलरोधक लेप हवा. आणि वजनावरून लिटर काढताना घनता विसरून चालत नाही. दहा टक्के साखरेचं सरबत पाण्यापेक्षा सुमारे चार टक्के जड असतं. किलो म्हणजेच लिटर असं धरलं तर १९ लिटरच्या पिंपात पाऊण लिटर, म्हणजे दोन ग्लासांहून जास्त सरबत पडद्यावर दिसेल आणि पिंपात नसेल.

बिअर करणाऱ्यांना हे घनतेचं गणित पाठ असतं, कारण त्यांचा मद्यांशाचा आकडाही त्यातूनच निघतो. आंबवण्याआधीची घनता १.०५० आणि नंतरची १.०१० असेल, तर फरक ०.०४०. त्याला १३१.२५ने गुणलं की ५.२५ टक्के. पडद्यावर मद्यांश म्हणून जो आकडा झळकतो तो बहुधा या गुणाकाराचा असतो, कोणत्याही संवेदकाचा नव्हे.

पेय पाच अंश किंवा त्याहून गार असलं तर वायू त्यात नीट विरघळलेला राहतो आणि ओतताना फेस आवरतो. डीएस१८बी२० हा तापमान संवेदक या पट्ट्यात अर्ध्या अंशाच्या आत चूक करतो. तो हवेत लोंबकळत ठेवू नये. पिंपाला चिकटवून वर थर्मोकोलचा तुकडा लावला तर पेयाचं तापमान कळतं, एरवी दार उघडल्याचं कळतं.

सगळ्यांत गंभीर गोष्ट फ्रिजला भोक पाडण्याची. इथे रांजणगावच्या कारखान्यांत काम केलेला माणूस सोबतीला असेल तर फार चांगलं, कारण त्याला फ्रिजच्या भिंतीत काय असतं ते माहीत असतं. जुन्या फ्रिजची काळी जाळी पाठीमागे उघडी दिसायची. आज अनेक फ्रिजमध्ये उष्णता बाहेर टाकणारी नळी बाजूच्या पत्र्याआड दडवलेली असते. तिच्यात बहुधा आर६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो ज्वलनशील आहे. बाजूने ड्रिल घातलं आणि नळी फुटली तर फ्रिज तर जातोच, पण ड्रिलच्या ठिणगीने पेटही घेऊ शकतो. दारात वायूची नळी नसते. नळ दारातूनच काढावा. संवेदकाच्या तारा चपट्या पट्टीच्या असल्या तर त्या दाराच्या रबराखालून सरकतात, वेगळं भोकच नको. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर बंद खोलीत ठेवू नये आणि रेग्युलेटरशिवाय तर मुळीच जोडू नये. गळती झाली तर तो वायू जमिनीलगत साचतो आणि त्याला वासही नसतो.

पडद्याच्या कामात मराठी माणसाला एक वेगळी पायरी लागते. दोन ओळींचा स्वस्त निळा एलसीडी घेतला तर त्यावर ‘कोकम’सुद्धा धड उमटत नाही. त्यात इंग्रजी अक्षरं आधीच कोरलेली असतात, स्वतःची फक्त आठ घडवता येतात, आणि जोडाक्षर आलं की सगळंच अडतं. म्हणून देवनागरीसाठी जुना मॉनिटर किंवा टीव्ही घ्यावा आणि पायवर ब्राउझर पूर्ण पडदाभर उघडावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ फॉन्ट विनामूल्य आहे आणि दुरूनही स्वच्छ वाचता येतो. नोंदींचा साठा युनिकोडमध्ये ठेवला आहे ना, हे सुरुवातीलाच पाहावं. नाहीतर ‘आल्याचा सोडा’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते.

आकडे कसे दाखवायचे यालाही विचार लागतो. ‘६.८४ लिटर’ असं दाखवणं दिसायला छान, पण मापकाची चूकच त्याहून मोठी असते. पिंपाचं चित्र, त्यात पेयाच्या खऱ्या रंगाची पातळी आणि खाली ‘सुमारे २० ग्लास’ एवढं पुरे. पातळी पाच ग्लासांखाली गेली की रंग बदलावा, म्हणजे स्वयंपाकघरातल्या माणसाला पुढचं पिंप गार करायला वेळ मिळतो. १९ लिटर सरबत खोलीच्या तापमानावरून पाच अंशांवर यायला घरगुती फ्रिजला एक रात्र तरी द्यावी लागते.

सुरुवात एका नळाने आणि पाण्याने करावी. मोजपात्रातून एक-एक लिटर पाणी काढायचं, दर वेळी पडद्यावर काय दिसतं ते वहीत लिहायचं, आणि पिंप रिकामं होईपर्यंत थांबायचं नाही. भरलेल्या पिंपाला बरोबर वाटणारा आकडा तळाशी आल्यावर चुकतो, हे या पहिल्याच फेरीत दिसतं. तिथे दुरुस्तीचा गुणक बदलायचा, फेरी पुन्हा घ्यायची, आणि मगच कोकम भरायचं.